दोन स्पीकर, तीन वायरी

माझ्या मानपत्रातील चौथे वाक्य खोटे आहे.

हे मानपत्र कोल्हापुरातील इलेक्ट्रॉनिक्स व्यावसायिकांच्या एका मंडळाने गेल्या हिवाळ्यात मला दिले, शाल-श्रीफळासह. पहिल्या तीन वाक्यांविषयी माझी तक्रार नाही. शिवाजी उद्यमनगरातील एका गाळ्यात मी पन्नासहून अधिक वर्षे ॲम्प्लिफायर बांधले, हे खरे आहे. माझ्या यंत्रावर गाणे थांबले की मागे गुणगुण उरत नसे, हेही खरे आहे. मी कोणाचे ऐकत नाही, ही गोष्ट तिसऱ्या वाक्यात ‘तत्त्वनिष्ठ’ या शब्दाखाली झाकली आहे. तीही मला मान्य आहे. चौथे वाक्य सांगते की, तयार मॉड्यूलांच्या लाटेतही मी माझी वाट सोडली नाही. एकदाच एका ग्राहकाच्या आग्रहाखातर मॉड्यूल वापरले, आणि त्या निकृष्ट मालाने एका घरातील अमूल्य स्पीकर जाळून माझे म्हणणे खरे करून दाखवले.

तो माल निकृष्ट नव्हता. ज्या बाईने तो तयार केला तिचे नाव मानपत्रात नाही. पण सभागृहातील निम्म्या लोकांना ते ठाऊक होते, कारण दोन वर्षे ते नाव त्या जळक्या स्पीकरसोबतच घेतले जात होते. तिचे नाव वैशाली. राजारामपुरीत तिचे सुट्या भागांचे दुकान आहे. चाळिशी ओलांडलेली, डिप्लोमा झालेली, आणि सोल्डरिंगचा हात असा की मी तिच्यासमोर कधी कबूल केले नाही, पण माझ्यापेक्षा स्वच्छ.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले. गमती सांगणारे आमच्या धंद्यात उदंड आहेत, आणि बहुतेक जण त्या रंगवून सांगतात. मी जन्मभर दुरुस्ती केली. या पानांवरही तेच करणार आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. मोबाइलमधून किंवा टेपमधून निघणारा विजेचा संदेश इतका क्षीण असतो की त्याने स्पीकरचा कागदी पडदा हलणार नाही. ॲम्प्लिफायर त्या संदेशाच्या हुकमाने मोठी वीज स्पीकरकडे सोडतो. आमच्या जुन्या पद्धतीत ट्रान्झिस्टर हा अर्धवट उघडलेल्या नळासारखा असे. गाण्याबरोबर तो कमीजास्त उघडायचा आणि जी वीज अडायची तिची उष्णता व्हायची. म्हणून आमच्या यंत्रांना ॲल्युमिनियमचे जाड फणेदार हीटसिंक लागत आणि दोन्ही हातांनी उचलावा लागणारा ट्रान्सफॉर्मर लागे.

क्लास-डी मॉड्यूलमध्ये, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या नव्या पद्धतीच्या बोर्डात, नळ अर्धवट कधीच नसतो. तो पूर्ण उघडतो किंवा पूर्ण बंद होतो, आणि हे सेकंदाला लाखो वेळा घडते. किती वेळ उघडा आणि किती वेळ बंद, या प्रमाणात गाणे दडलेले असते. शेवटी तांब्याच्या गुंडाळ्या आणि कपॅसिटर तो फडफडाट गाळून गाणे तेवढे पुढे पाठवतात. वीज अडत नाही, म्हणून यंत्र तापत नाही, म्हणून तळहाताएवढा बोर्ड घर भरून वाजतो. आमचे लोक याला ‘डिजिटल ॲम्प्लिफायर’ म्हणतात. ते चूक आहे. ए, बी, सी ही अक्षरे आधीच्या पद्धतींना देऊन झाली होती, म्हणून या पद्धतीच्या वाट्याला डी आले. हे मी बाजारात इतक्यांदा सांगितले आहे की लोक मला बघताच ‘डिजिटल’ म्हणतात आणि हसतात. हसू देत.

आता माझ्या दोन सवयी सांगतो. पुढचे सगळे त्यांच्यातून निघाले.

पहिली सवय नावाची. प्रत्येक ॲम्प्लिफायरचे झाकण बसवण्यापूर्वी मी त्याच्या आतल्या बाजूला रंगाच्या पेनाने माझे नाव लिहीत असे. बाहेर कधीही नाही. कळंब्याच्या एका बागायतदाराने एकदा हट्ट धरला होता, “पैसं माझं, तर नाव बी माझंच घाला की पितळी अक्षरात.” मी म्हणालो, “बाहेर तुमचे घाला. आत माझेच राहील.” झाकण उघडणारा दुसरा मेस्त्रीच असतो, आणि हे कोणी बांधले ते त्याला कळले पाहिजे, उरलेल्या जगाला कळण्याची गरज नाही, असे माझे मत होते.

दुसरी सवय वायरींची. प्रत्येक स्पीकरला एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी लागतात. दोन स्पीकरना चार. पण जुन्या यंत्रांत दोन्ही काळ्या टोकांमागे आत एकच स्थिर जागा असते. हलते ती फक्त लाल. म्हणून आम्ही जुने लोक दोन्ही काळ्यांमध्ये तांब्याचा छोटा तुकडा घालून एकच काळी वायर पुढे नेत असू. दोन स्पीकर, तीन वायरी. मंडळांच्या मांडवांत, कार्यालयांत, घरांच्या भिंतींत मी अशा किती वायरी घातल्या याची गणती नाही. नवीन पोरे चार वायरी ओढताना दिसली की मी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने हसत असे.

राधानगरीकडच्या एका गावात आबा राहतात. भात, ऊस आणि मोठा गोठा असलेले शेतकरी, माझ्याच वयाचे. त्यांचा धाकटा भाऊ शामराव लाकडात रमणारा माणूस होता. त्याने स्वतः वाळवलेल्या फणसाच्या फळ्यांच्या दोन स्पीकरपेट्या केल्या होत्या, आत बसवायचे स्पीकर माझ्याकडून नेले होते, आणि दोन वर्षे त्या पेट्या घासून, ऐकून, पुन्हा घासून तयार केल्या होत्या. त्या पेट्यांसाठी ॲम्प्लिफायर मी बांधला आणि भिंतीतील वायरही मीच घातली. तीन तारांची. शामराव पुढे अकाली गेला. आबा दररोज सांजेला त्या पेट्यांसमोर बसत आणि जुनी नाट्यपदे लावत.

सत्काराच्या दोनेक वर्षे आधी आबा माझ्या गाळ्यात आले.

“अण्णा, तुमचं मशीन भारी हाय, पर आमच्याकडची लाईट हलकी हाय. गोठ्यातली मशिनं सुरू झाली की पेट्या भुणभुण करत्यात. मी गाणं ऐकू का भुंगं ऐकू?”

त्यांच्या गोठ्यावर सोलर बसले होते आणि चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्या दिवसभर भरत होत्या. बॅटरीवर चालेल आणि तापणार नाही असे यंत्र म्हणजे क्लास-डी, याला दुसरे उत्तर नव्हते. हे मला त्या क्षणीच कळले होते. तरी मी आबांना आठ दिवस थांबवले, कारण ते उत्तर मला आवडले नव्हते.

आबांनी आग्रह केला म्हणून मी मॉड्यूल वापरले, असे मानपत्र म्हणते. आबांना मॉड्यूल हा शब्दही माहीत नव्हता. निर्णय माझा होता.

मी वैशालीकडे गेलो. ती बोर्ड स्वतः जुळवून, प्रत्येक जोड भिंगातून तपासून देत असे. तिने बोर्ड कागदात गुंडाळला आणि वर एक छापील पत्रक ठेवले.

“काका, हे वाचा की एकदा.”

“पत्रक वाचून ॲम्प्लिफायर बांधायचे दिवस आले का माझ्यावर?”

“बरं, मग तोंडी सांगते. ह्यात काळी वायर म्हणजे जुन्यागत स्थिर न्हाई. दोन्ही काळ्या कुठंबी एकत्र येऊ देऊ नका. चार म्हंजे चारच.”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून वायरी जोडतोय मी.”

“ते ठाऊक हाय. म्हणून तर सांगते.”

ती काय सांगत होती ते करवतीवरून समजेल. ओंडका कापायच्या लांब करवतीचे एक टोक खांबाला स्प्रिंगने बांधले आणि दुसरे माणसाने ओढले, तर ती झाली जुनी पद्धत. या मॉड्यूलमध्ये करवतीच्या दोन्ही टोकांना माणूस असतो. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. लाल जेवढी हलते तेवढीच काळीही हलते, उलट दिशेने. डाव्या स्पीकरची एक करवत, उजव्याची दुसरी. दोन्ही काळ्या जोडणे म्हणजे दोन करवतींवरच्या एकेका माणसाचे हात एकमेकांना बांधणे. दोन्ही करवती एकाच लयीत चालल्या तर काही बिघडत नाही. लय वेगळी झाली की हात मोडतात.

ॲम्प्लिफायर मी चार दिवसांत बांधला. पत्र्याचा डबा, बोर्डाला छोटा हीटसिंक, आवाजाचे बटण, बॅटरीच्या वायरींपासून दूर ठेवलेली आणि पीळ दिलेली इनपुटची वायर. ‘हे बांधणे नव्हे, जुळवणे,’ असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. यंत्र बिघडल्यास स्पीकरची वाट तोडून त्याला वाचवणारा रिले मी प्रत्येक जुन्या यंत्रात न चुकता बसवीत असे. या डब्यात बसवला नाही. एवढ्याशा बोर्डाला एवढा मान कशाला, असे मला वाटले.

गाळ्यातील टेबलावर माझे चाचणीचे स्पीकर चार सुट्या वायरींचे होते. त्यावर ते यंत्र दिवसभर वाजले. चांगले वाजले, हे मला नाइलाजाने लिहावे लागत आहे. झाकण बसवताना मी सवयीने पेन हातात घेतले आणि थांबलो. ज्याला मी बांधणे मानत नव्हतो त्यावर माझे नाव कसे लिहायचे? मी झाकणाच्या आत लिहिले, ‘मॉड्यूल : वैशाली’. तिच्या दुकानाचे नावही लिहिले. माझे लिहिले नाही.

आबांच्या घरी भिंतीतून माझीच तीन तारांची वायर बाहेर आली होती. दोन काळ्या टर्मिनलांमध्ये मी तांब्याचा तुकडा घातला. हाताने घातला, डोके त्यात नव्हतेच. आबांनी त्यांचे आवडते जुने पद लावले. ते ध्वनिमुद्रण स्टीरिओच्या आधीचे, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे तेच. दोन्ही करवती एका लयीत. गुणगुण नाही, भुंगा नाही. आबांनी डोळे पुसले आणि मी माझ्या कौशल्यावर खूश होऊन परत आलो.

पंधरवड्याने आबांच्या नातीचे बारसे झाले. सुनेने नवे गाणे लावले, ढोल एका बाजूला आणि बासरी दुसऱ्या बाजूला, आवाज मोठा. तिची काही चूक नव्हती. गाणे लावण्यासाठीच यंत्र असते. बोर्ड गेला, बॅटरीचा सरळ प्रवाह डाव्या पेटीत शिरला आणि आतली गुंडाळी जळाली. राधानगरीच्या एका मेस्त्रीने झाकण उघडले. आत एकच नाव होते.

आबांचा फोन आला. “अण्णा, त्या बाईचं मशीन पेटलं की वो. डाव्या पेटीतनं धूर आला. शामूची पेटी.”

यंत्र माझ्याकडे आले तेव्हा तांब्याचा तुकडा जागेवरच होता. मेस्त्रीला त्यात वावगे दिसले नाही, कारण तोही जुना माणूस. मला दिसले. मी तो तुकडा काढला आणि टेबलाच्या खणात टाकला.

त्याच दिवशी वैशाली गाळ्यात आली. आबा तिला फोनवर नको ते बोलले होते. ती बसलीही नाही.

“काका, वायरी चार हुत्या न्हवं?”

“जोडणी मी केली आहे,” मी म्हणालो.

या वाक्यानंतर कोल्हापुरात मला कोणी पुढचा प्रश्न विचारीत नसे. तिनेही विचारला नाही. मी खोटे बोललो नाही, असे मी दोन वर्षे स्वतःला बजावीत होतो. ते खोटेच होते.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. तिने आधी दिलेले बोर्ड घरोघरी जाऊन परत आणले. कोणी मागितले नव्हते. भिंग, सोल्डरिंगचे टेबल, सगळे बंद झाले. दुकानात रिमोट आणि चार्जर उरले. बाजारात लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, “अण्णा, तुम्ही सांगत हुता ते खरं निघालं बगा.” मी मान हलवीत असे. वाद घालण्याविषयी माझी ख्याती आहे. त्या एका बाबतीत मी कोणाशीही वाद घातला नाही.

मग तो सत्कार झाला. मानपत्र वाचणाऱ्याने चौथ्या वाक्याला आवाज चढवला आणि टाळ्या पडल्या. शाल अंगावर घेऊन मी बसलो होतो. वैशाली शेवटच्या रांगेत होती. कार्यक्रम संपल्यावर ती पुढे आली आणि मला वाकून नमस्कार केला.

“अभिनंदन काका.” मग खालच्या आवाजात, “तो जळलेला बोर्ड ठेवलाय का वो तुम्ही? मला एकदा बघायचा हुता. माझं कुठं चुकलं ते अजून कळंना झालंय.”

राग असता तर मी उत्तर दिले असते. रागाला उत्तर देणे मला येते. ती शिकायला मागत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी बोर्ड, झाकण आणि तांब्याचा तुकडा घेऊन राजारामपुरीत गेलो. तुकडा काउंटरच्या काचेवर ठेवला आणि तो कुठे होता ते सांगितले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक रिमोट मागायला आले. तिने रिमोट दिला, सेल घातले, चालतो का ते बघितले, माणूस गेल्यावर कापडाने काच पुसली.

“हे कवापासनं हाय तुमच्याकडं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मी त्या बोर्डाचा एकेक जोड मनात उघडून बघितला, काका. दोन वर्सं. डोळं गेलं का काय म्हणून चष्मा बदलून आले.” तिचा आवाज चढला नाही. “तुम्हाला एक शब्द बोलायचा हुता. एकच.”

“मंडळात जाऊन मी सगळ्यांसमोर सांगतो,” मी म्हणालो.

“मंडळ ऱ्हाऊ दे. आबांच्या भिंतीत अजून तीनच तारा हायत न्हवं?”

“होय.”

“मग आधी त्या काढायच्या. उद्या कुणीतरी नवीन मशीन आणून लावंल, परत तेच हुईल.”

मी तिथे क्षमेचे शब्द जुळवीत उभा होतो आणि ती भिंतीतल्या वायरीचा विचार करीत होती. आमच्या दोघांत कारागीर कोण, हा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशी निकालात निघाला.

तिने दोन दिवसांत नवा बोर्ड केला. मी डबा केला, या वेळी रिलेसह. पत्रक वाचले, पहिल्या ओळीपासून. राधानगरीला आम्ही दोघे गेलो. भिंत फोडण्याआधी मी आबांना ओसरीवर बसवून सगळे सांगितले. मग आबा वैशालीकडे वळले.

“बाई, मी फोनवर तुला नाय नाय ते बोललो.”

“व्हय.”

“कुणाच्या बोलण्यावर बोललो? अण्णांच्या? न्हाई.” ते माझ्याकडे वळले. “अण्णा, तुमच्या न बोलण्यावर बोललो मी. ते शब्द आता म्हागारी कोण आणणार?”

चहा आला, मलाही मिळाला. पण त्या दिवशी आबा माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मी छिन्नी घेतली आणि माझीच वायर माझ्याच हाताने भिंतीतून उपटली. वैशालीने चार तारांची नवी घातली. डावा स्पीकर आधीच मागवून घेऊन त्याची गुंडाळी मी नव्याने गुंडाळून आणली होती; मला जमेल तितकी चांगली. पद सुरू झाले. भुंगा नव्हता. आबांनी थोडा वेळ ऐकले, मग उठून आपली खुर्ची उजव्या, न जळलेल्या पेटीकडे सरकवली.

एवढी एक दुरुस्ती मला करता आली नाही.

नव्या यंत्राचे झाकण लावण्यापूर्वी मी पेन वैशालीपुढे धरले. तिने ‘मॉड्यूल’ लिहून आपले नाव घातले आणि पेन परत केले.

“जोडणी तुमची हाय. ल्ह्या.”

मी लिहिले.

परतल्यावर मंडळाच्या कार्यालयात जाऊन मी चौथे वाक्य दुरुस्त करण्याची मागणी केली. पदाधिकारी मला खुर्ची देऊन म्हणाले, “अण्णा, झालं गेलं. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलाय? आणि छापलेलं कसं बदलायचं?” तिथे मी पुष्कळ बोललो. त्यातले काही इथे छापण्याजोगे नाही. छापलेल्याला उत्तर छापूनच द्यावे लागते, म्हणून संपादकांचा आग्रह मी स्वीकारला. ज्यांनी ज्यांनी बाजारात माझ्या पाठीवर थाप मारली, त्या सर्वांनी हे वाचावे.

जुने झाकण वैशालीने मागून घेतले. देण्यापूर्वी त्यावर तिच्या नावाखाली मी लिहिले : ‘मॉड्यूल निर्दोष. दोन काळ्या वायरी एकत्र केल्या त्या मी.’ आणि खाली माझे पूर्ण नाव. तिच्या काउंटरमागच्या भिंतीवर ते आता टांगलेले आहे, तांब्याचा तुकडा दोऱ्याने बांधून. सोल्डरिंगचे टेबल पुन्हा मांडले आहे. ते झाकण त्याच्या बरोबर वर येते.

नाव नेहमी आतल्या बाजूला लिहायचे, हा नियम मी जन्मभर पाळला. त्या झाकणाची आतली बाजू तिने रस्त्याकडे तोंड करून लावली आहे. मी जाता-येता पाहतो. सरळ लावले आहे, आणि अक्षर लांबूनही वाचता येते.